चार रायफली पुरेत

प्रिय नेल्स,

हे पत्र मुद्दाम खोक्यात सगळ्यात वर ठेवलं आहे, म्हणजे ते आधी तुझ्या हाती लागेल. खालचं काही अजून सोडू नकोस. तू सोडलंही असशील म्हणा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी झाडाखालच्या सगळ्या पुड्या चाचपून कुणात काय आहे ते सांगत सुटणारा मुलगा तू. पण या वेळी जरा दम धर. आत काय आहे ते तुला हात लावताच कळेल, पण ते तुझ्याकडेच का आलं हे कळायला हे सगळं वाचावं लागेल.

इकडे वारा सुटला आहे. डोंगरावर बर्फ उतरलंय, एल्क सांबरांचे कळप खाली यायला लागलेत, आणि गावात जो तो रायफल घेऊन खडीच्या खाणीकडे निशाण जुळवायला निघालाय. एरवी या दिवसांत तुझे बाबा मला घरात सापडत नसत. यंदा ते घरातच असतात. हॉइटचा गुडघा पार गेला. चाळीस वर्षं तुझ्या बाबांच्या मागून डोंगर चढल्याचं हे बक्षीस, असं तो म्हणतो. तरी कुंपणापलीकडून रोज लंगडत येतो, कॉफी पितो, माझ्या केकला नावं ठेवतो आणि दोन तुकडे खाऊन जातो. त्याची बायको गेल्यापासून त्याला दुसरं जायला ठिकाण नाही, आणि आता मलाही त्याच्यावाचून भागत नाही.

आता खरं सांगते. फोनवर मी तुला 'बाबांना जरा विसरायला होतं' एवढंच सांगत आले, आणि तूही पुढे विचारलं नाहीस. ते जरा नाही. वसंतात ग्रेट फॉल्सच्या डॉक्टरीणबाईंनी त्या आजाराला नाव दिलं आणि त्यातून मागे फिरता येत नाही हेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, घरात बंदुका आहेत का? आम्ही दोघं हसलो. आपल्या भागात हे म्हणजे घरात चमचे आहेत का असं विचारण्यासारखं. बाई काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असतील तर बाहेर काढा. एक दिवस ते तुम्हालासुद्धा ओळखणार नाहीत, पण रायफल कशी भरायची हे त्यांचे हात विसरायचे नाहीत." परतताना गाडीत तुझे बाबा म्हणाले, "पोरगी शहरातली दिसते." मी नुसतं हं म्हटलं. सगळा उन्हाळा गेला तरी मी काही केलं नाही. त्यांच्या रायफली घराबाहेर काढायच्या म्हणजे त्यांनाच बाहेर काढायचं, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

मग सप्टेंबरात गॅसची टाकी भरणारा माणूस आला. दर वर्षी येतो तोच. लहानपणी शाळेच्या हॉलमध्ये तुझ्या बाबांच्याच वर्गात रायफल कशी धरावी ते शिकलेला. मी कणीक मळत होते. बाहेर बोलणं ऐकू आलं म्हणून गेले, तर तुझे बाबा ओसरीवर उभे, हातात थर्टी-ओ-सिक्स रायफल, आणि ते अगदी शांतपणे विचारत होते, "माझ्या बापाच्या जमिनीवर कोण आलंय?" मी पिठाच्या हातांनी मधे जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नेल्स, त्या नजरेला मी कुणीच नव्हते. तो गॅसवाला मात्र शहाणा निघाला. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "लोवेल, यंदा एल्क कुठल्या ओढ्याला उतरलेत हो?" झालं. रायफल खाली आली, आणि दोघं पायरीवर बसून ओढ्यांबद्दल बोलत राहिले. टाकी भरून जाताना त्याने आधी रायफलीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी हॉइट आणि मी ठरवलं की रायफली जायला हव्यात. पण कशा? सरळ मागितल्या तर ते देणार नव्हते, आणि चोरून नेल्या तर त्यांना तासाभरात कळलं असतं. हॉइटनेच युक्ती काढली. तुला त्यांचं ते प्रवचन आठवत असेल: माणसाला चार रायफली पुरेत, ज्याच्याकडे चाराहून जास्त आहेत त्याला कशाची शिकार करायची तेच ठाऊक नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आपल्या कपाटात अकरा. त्यातल्या निम्म्या त्यांनी घेतलेल्याही नाहीत म्हणा. गावात कुणाचा नवरा गेला की ती बाई रायफल घेऊन दारात यायची, "लोवेल, तू नीट ठेवशील," आणि यांना नाही म्हणता यायचं नाही. तर हॉइटने एका सकाळी कॉफी ढवळता ढवळता विचारलं, "काय रे, जन्मभर चार-चार करत आलास, मग हे अकरा जावई कशाला पोसतोयस? चार निवड. बाकीच्या मी नेतो." आमचा बेत असा की सात एकदम जातील, आणि उरलेल्या चार मग एकेक करून, दुरुस्तीच्या नावाखाली.

तुझे बाबा तयार झाले, इतके खुशीत की मला लाज वाटली. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ती जुनी लष्करी घोंगडी अंथरली, अकराही रायफली ओळीने मांडल्या आणि एकेक उचलून बोलायला लागले. ज्या माणसाला आपण नाश्ता केला की नाही ते सांगता येत नाही, त्याचं ते बोलणं तू ऐकायला हवं होतंस. पहिली बावीस बोअरची. "गोफरसारखे बिळातले उंदीर मारायला आणि हात शिकवायला. हिने ज्याला डब्याचं झाकण उडवता येत नाही, त्याने मोठीला हात लावू नये." दुसरी ती हलकी टू-फॉर्टी-थ्री, हरणांसाठी आणि माळावरच्या अँटिलोपसाठी. "हिचा धक्का बसत नाही. धक्क्याची भीती नसली की चाप ओढताना डोळा मिटत नाही. लोक म्हणतात नेम चुकला. नेम चुकत नाही, डोळा मिटतो." तिसरी थर्टी-ओ-सिक्स, एल्कसाठी. "हिचं काडतूस पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतं. रायफल कितीही देखणी असू दे, काडतूस मिळत नसेल तर तिच्यावर पडदे टांगावेत." चौथी ती झिजलेली लिव्हरवाली थर्टी-थर्टी, दाट झाडीसाठी, कारण ती आखूड आणि चपटी, घोड्यावर मांडीखाली टोचत नाही. हॉइट म्हणाला, "आणि अस्वल आलं तर?" तुझे बाबा म्हणाले, "अस्वलासाठी अक्कल लागते. ती तुझ्याकडे नाही, म्हणून तू तोफ घेऊन हिंडतोस." आम्ही तिघंही पोटभर हसलो. खूप दिवसांनी.

या अकरांखेरीज एक रायफल त्यांनी घोंगडीवर आणलीच नव्हती. ती टू-सेव्हन्टी, तुझ्या आजोबांची, अक्रोडाच्या दस्त्याची. ती भिंतीला टेकवून ठेवली होती. हॉइटने विचारलं, "अन् ही?" "ती मोजायची नाही," ते म्हणाले. "ती नेल्सची."

हो, तीच. तुझ्या लग्नात त्यांनी तुझ्या हातात दिलेली, आणि तू "फिनिक्समध्ये तिसऱ्या मजल्यावर हिचं मी काय करू, बाबा? नको मला," असं म्हणून सगळ्यांसमोर परत केलेली. मी तुला तेव्हाही बोलले नाही आणि आताही बोलत नाही. ते 'नको' कुठून आलं ते मला ठाऊक आहे. सतराव्या वर्षी तुझी गोळी त्या एल्कच्या मादीला मागच्या बाजूला लागली आणि ती झाडीत गेली. तुम्ही दोघांनी रक्ताच्या मागावर दोन दिवस काढले आणि ती मिळाली नाही. मग ट्रकपाशी, तुझ्या सगळ्या मित्रांदेखत, तुझ्या बाबांनी सुरी पुढे केली आणि तुला तुझा शिकारीचा टॅग, तो एका जनावराचा परवाना, कापायला लावला. जखमी करून हरवलेलं जनावर मारलंच असं धरायचं आणि आपला हंगाम संपला म्हणायचं. कायदा तसं सांगत नाही, आपल्याकडे बाप सांगतो. तू टॅग कापलास आणि पुन्हा कधी डोंगरात गेला नाहीस. एक गोष्ट मात्र तुला कधीच कुणी सांगितली नाही. त्या संध्याकाळी कोठारात त्यांनी स्वतःचा टॅगही कापला. "गोळी झाड असं मीच त्याला म्हणालो होतो," एवढंच मला म्हणाले, आणि तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली. तो हिवाळा आपण हॉइटने दिलेल्या मांसावर काढला, आणि तुला वाटलं बाबांना यंदा काही मिळालं नाही. आता शपथेचं मला काही वाटत नाही. घालणाऱ्यालाच ती आठवत नाही.

तर त्या दिवशी हॉइट सात रायफली ट्रकमध्ये घालून घेऊन गेला, आणि मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या बाबांनी कपाट उघडलं आणि घर डोक्यावर घेतलं. चोर शिरले, शेरीफला बोलवा, हॉइटला बोलवा. हॉइट आला, त्या गुडघ्याने सातही रायफली परत आत आणल्या आणि म्हणाला, "साफ करायला नेल्या होत्या, मर्दा. विसरलास?" मग ते शांत झाले, अकरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हॉइट, या फार झाल्या. माणसाला चार पुरेत. चल, निवडू." पुन्हा घोंगडी, पुन्हा कॉफी.

तेव्हापासून रोज हेच चाललं. रोज सकाळी निवड, आणि रोज संध्याकाळपर्यंत सगळं पुसलेलं. गंमत म्हणजे चार रोज त्याच नसत. एक दिवस थर्टी-ओ-सिक्स बाद, कारण वय झालं, खांद्याला झेपत नाही. एक दिवस टू-फॉर्टी-थ्री बाद, कारण वाऱ्यात तिची गोळी वाहवते आणि आपल्याकडे वारा नसतो असा दिवस कुठला. आणि रोज ते बरोबरच असत. एकदाही चुकीचं कारण मी ऐकलं नाही. फक्त ती बावीस रोज राहायची, आणि टू-सेव्हन्टी रोज भिंतीला. "ती मोजायची नाही." मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, मी त्या तासाची वाट पाहायला लागले. त्या घोंगडीपाशी माझा नवरा असायचा. घोंगडी गुंडाळली की तो जायचा, आणि दिवसभर घरात एक म्हातारा गृहस्थ असायचा, मोजे शोधणारा.

हॉइट मला बजावत होता की हे फार दिवस चालायचं नाही. पण हंगाम तोंडावर आला तसं त्यालाच राहवेना. म्हणाला, "एकदा खाणीत नेतो त्याला. मी शेजारी असेन, काडतूस एकेक करून मीच हातात देईन. शेवटचं." मी नाही म्हणायला हवं होतं. पण ट्रकमध्ये बसताना तुझे बाबा इतके ताठ बसले होते की मीसुद्धा कोट चढवून गेले. त्यांनी तुझी टू-सेव्हन्टी घेतली होती. म्हणाले, नेल्स येण्याआधी हिचं निशाण जुळवायला हवं. तू येणार आहेस असं त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

आता तुला तुझ्या बाबांच्या वर्गातला पहिला नियम सांगायला नको: एका बाकावर एकच रायफल आणि एकच खोकं. शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी तीस वर्षं पोरांकडून तो घोकून घेतला. हॉइटसुद्धा तो पाळत आलेला माणूस. पण त्या दिवशी त्याने स्वतःची थ्री-ओ-एट सोबत आणली होती, आणि वाऱ्याने कागदाचं निशाण उडालं ते धरायला वळताना तिच्या काडतुसांचं खोकं त्याच बाकावर राहिलं. तुझ्या बाबांचा हात गेला तो त्या खोक्यात. थ्री-ओ-एटचं काडतूस टू-सेव्हन्टीत जातं, बोल्टही बंद होतो, हे तुला माहीत आहे. पण गोळी नळीपेक्षा जाड असते. चाप ओढला की रायफल फुटते, आणि फुटते ती गालाशी. हॉइट लंगडत आला आणि त्याने बोल्टवर पंजा ठेवला. नुसता ठेवला. मग बोल्ट मागे ओढून काडतूस बाहेर काढलं आणि तुझ्या बाबांच्या तळहातावर ठेवलं, शेजारी टू-सेव्हन्टीचं एक. तुझे बाबा दोन्हींकडे पाहत राहिले. वारा इतका होता की डोळ्यांत पाणी कशाने आलं ते सांगता येईना. हॉइट म्हणत राहिला, "चूक माझी, लोवेल, खोकं मी ठेवलं." तुझे बाबा म्हणाले, "खोकं तू ठेवलंस. काडतूस भरलं मी."

घरी आल्यावर मला म्हणाले, "माझे लोकरीचे मोजे आण. सगळे." त्यांनी घोंगडी अंथरली, पण निवड केली नाही. एकेक रायफल घेतली, तिचा बोल्ट, ज्यावाचून ती नुसती काठी, तो काढला, तेलाच्या फडक्याने पुसला आणि एकेका मोज्यात घालून गाठ मारली. लिव्हरवालीचा बोल्ट असा हाताने सुटा निघत नाही, म्हणून ती तेवढी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ही हॉइटला दे. म्हणावं, आजच विकून टाक." तुझी टू-सेव्हन्टी शेवटी. तिचा बोल्ट त्यांनी दोनदा पुसला. त्या दुपारी त्यांना सगळं ठाऊक होतं, नेल्स. आपल्याला काय झालंय, काय होणार आहे, सगळं. देव दया करून कधीकधी पडदा बाजूला करतो असं लोक म्हणतात. ती दया असेल तर मला ती नको.

मी म्हटलं, बोल्टही हॉइटकडेच ठेवू, कुंपणापलीकडे तर आहे. "हॉइटकडे नको," ते म्हणाले. "मी त्याच्या दारात जाऊन उभा राहीन आणि तो देईल. त्याला माझी दया येते. तुलाही येते. नेल्सकडे पाठव. नेल्सला माझी दया यायची नाही." मला ते लागलं आणि मी म्हटलं, पोराबद्दल असं काय बोलतोस. तर म्हणाले, "वाईट नाही बोलत मी. मला तोंडावर नाही म्हणणारा जन्मात तेवढा एकच भेटला. आणि बरोबर होता तो. तिसऱ्या मजल्यावर काय करणार होता तो तिचं?" मग मोज्यांच्या ढिगाकडे पाहत म्हणाले, "उद्या मी हे विसरेन. चोर तू ठरशील. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. दुसरं काय म्हणणार होते?

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगडी अंथरली, पहिली रायफल उचलली, आणि बोल्टच्या जागी नुसती पोकळी. मी आधीच जुळवून ठेवलेलं सांगितलं की बंदूकवाल्याकडे साफ करायला दिलेत. "सगळे?" ते म्हणाले. "हंगामाच्या तोंडावर सगळे बोल्ट एकदम कोण देतं? तू खोटं बोलतेयस, मार्लिस." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. तेव्हापासून ते शोधताहेत. पिठाचा डबा, माझी शिवणाची पेटी, कोंबड्यांचं खुराडं. एकदा सपाता घालूनच वाऱ्यात हॉइटच्या दारात जाऊन उभे राहिले. हॉइटने त्यांना हाताला धरून घरी आणलं आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून तो दांडगा माणूस रडला. म्हणाला, "माझ्याकडे असते तर मी दिले असते, मार्लिस. खरंच दिले असते." ते मला चोर म्हणतात ते दिवस मला परवडतात. कठीण असतात ते दुसरे दिवस. परवा अगदी अदबीने जवळ आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इथे कामाला आहात ना? माझ्या बायकोला जरा विचाराल का, माझे बोल्ट कुठे ठेवलेत? ती सांगेल. ती माझ्यापासून काही लपवत नाही."

मी थकले, नेल्स. मी सांगून टाकलं की नेल्सकडे आहेत. खोकं तेव्हा अजून माझ्या पलंगाखालीच होतं, पण मी तसं म्हटलं. आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "नेल्सकडे? मग आधी नाही का सांगायचं? तो हंगामाला येतोय म्हणजे. फोन लाव त्याला." मी वाऱ्याने तार तुटल्याचं सांगितलं. ते विसरतील असं वाटलं होतं. सगळं विसरतात, पण हे काही विसरत नाहीत. रोज सकाळी घोंगडीवर त्या मुक्या रायफली मांडून चार निवडतात, मग हात पुसतात आणि म्हणतात, नेल्सला फोन लाव. तार किती दिवस तुटलेली ठेवू? मी तुला ये म्हणत नाही. तू आलास तरी त्यांना हवा तो मुलगा सतरा वर्षांचा असेल, आणि तुला हवे ते बाबाही सापडायचे नाहीत. आशा ठेवावी असं इथे काही उरलेलं नाही, आणि खोटी आशा मी तुला लहानपणीही दिली नाही.

पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. खोकं तुझ्या हाती पोचलं की मी त्यांना फोन लावून देईन. आकडे त्यांना आता लागत नाहीत, म्हणून मीच लावीन आणि शेजारी उभी राहीन. इतकी वर्षं ते फोनवर "इकडे हवा बरी आहे, घे, आईशी बोल" एवढंच म्हणत आले. या वेळी तसं होणार नाही. ते तुझी चौकशी करतील. सूनबाई कशी आहे विचारतील, 'कोरीन' असं नाव घेऊन. तू लहानपणापासून ज्या आवाजाची वाट पाहिलीस तो आवाज ऐकू येईल, आणि त्यात खोटं काही नसेल. मग ते म्हणतील, तुझी टू-सेव्हन्टी तयार करतोय, पोरा, तिचा बोल्ट तेवढा पाठव, बाकीचे राहू देत. तोही पाठवू नकोस. 'बघतो' म्हणू नकोस, 'पुढच्या आठवड्यात' म्हणू नकोस, नाहीतर ते वाऱ्यात पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन उभे राहतील. लग्नात म्हणालास तसं सरळ म्हण, नको, नाही, देणार नाही. त्यांना वाईट वाटेल, ते तुला काहीबाही बोलतील आणि फोन माझ्या हातात देतील. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते यातलं सगळं विसरलेले असतील, आणि जन्मात पहिल्यांदाच तुला फोन करतोय अशा आवाजात पुन्हा तुझं नाव घेतील. तेव्हा पुन्हा नाही म्हण.

तुझीच,
आई